पत्र्यावरचा हात

गणपती उठले आणि त्याच आठवड्यात दादासाहेबांची जीप चाकणच्या चौकात एका कंटेनरनं घासली. मागच्या उजव्या चाकावरचा पत्रा पार आत गेला. कंटेनरवाला थांबला नाही. थांबला असता तरी दादासाहेबांना तिथं उतरता आलं नसतं, कारण मागं गाड्यांची ही रांग लागून हॉर्नचा नुसता कालवा चालला होता. त्यांनी दिलेल्या शिव्या काचेच्या आतच राहिल्या आणि चेपलेली जीप घेऊन ते म्हाळुंग्याच्या अलीकडं रस्त्याकडेला असलेल्या आपल्या शेडपाशी आले.

शेड त्यांची, दुकान युनूसचं. चेपलेल्या गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करायचा धंदा. युनूस आणि मदिना परांड्याकडून इकडं आले तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगाला कांद्याची शेतं होती. मग कंपन्या आल्या, कंपन्यांमागं गाड्या आल्या, आणि एवढ्या गाड्या एका रस्त्यावर आल्यावर त्या एकमेकींना घासणारच. दादासाहेबांची जमीन कंपनीत गेली, उरलेल्या पट्टीवर त्यांनी शेड टाकली आणि पहिल्याच वर्षी ती युनूसला दिली. तेव्हापासून ह्या रस्त्यावर कुणाचीही गाडी चेपली की लोक एकच नाव सांगत.

सांगत, असंच आता म्हणायला पाहिजे. पावसाळ्याच्या तोंडाला युनूसला लकवा झाला. दवाखान्यातून आल्यावर पाय फरफटत का होईना चालायला लागला, जीभ सैल झाली, उजवा हातही वर-खाली व्हायला लागला. पण त्या हाताला काही कळेना. गरम चहाचा ग्लास धरून तो निवांत बसायचा, बोटं लाल व्हायची, आणि मदिना धावत येऊन ग्लास काढून घ्यायची. गिऱ्हाइकांसमोर असं झालं की तो हसून म्हणायचा, चहा गार होता. पत्र्यावर हात ठेवला तरी तेच. डेंटरचं अर्धं काम हातोडीचं आणि अर्धं तळहाताचं असतं. डोळ्याला पत्रा सरळ दिसतो, तो कुठं बसलाय आणि कुठं उचललाय ते तळहाताला कळतं. युनूसच्या मुठीत हातोडी ठरत नव्हती, आणि तळहात तर गेलाच होता.

दादासाहेबांनी जीप सावलीत लावली आणि जे बोलायचं ते जीपकडं बघत बोलले. युनूस समोर स्टुलावर होता, पण त्याच्याकडं बघायचं त्यांच्या जिवावर आलं असावं.

"युनूसभाई, खंडेनवमीला ही मला दारात सरळ पायजे. पूजा हाय. आन दुसरं म्हंजी धनेश रोज डोकं खातोय. बंद शेड काय कामाची म्हनतो, गाड्या धुवायचं सेंटर टाकू म्हनतो. मी म्हनलो, खंडेनवमीपतुर थांब. जीप हितं सरळ झाली तर शेड युनूसभाईची. न्हाई झाली तर मग मला बी बोलाय तोंड ऱ्हात न्हाई."

धनेश हा त्यांचा मुलगा. त्याचंही फार चुकत होतं असं नाही. शेडमध्ये पावसाळाभर काम झालंच नव्हतं. एक झालं होतं, ते न झालेलं बरं. चिमाजी म्हणून एक भाजीवाला टेम्पोचं दार घेऊन आला होता आणि मदिनेनं हिमतीनं ते घेतलं. हातोडीनं जमेना तेव्हा तिनं खड्ड्यात पुट्टी भरली, वरून घासून गुळगुळीत केली आणि दार रंगाला पाठवलं. आठ-पंधरा दिवसांत बाजाराच्या रस्त्यावर पुट्टीचा पोपडा निघाला. चिमाजीनं भांडण केलं नाही. तो पडलेला तुकडा त्यानं कागदात गुंडाळून आणला, युनूसच्या पुढ्यात ठेवला आणि निघून गेला. युनूस डाव्या हातानं तो तुकडा उलटासुलटा करत बसला. मदिनेला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तसं पाहिलं तर मदिना ह्या कामात नवखी नव्हती. जिकरा पोटात होती तेव्हापासून ती शेडमध्ये होती, आणि आता जिकराचं लग्न होऊन ती लातूरला नांदत होती. युनूस बाहेरून हातोडी मारायचा तेव्हा पत्र्याच्या आतल्या अंगाला लोखंडी ठोकळा टेकवून धरावा लागतो, नाहीतर पत्रा नुसता थरथरतो. तो ठोकळा मदिनेचा. गाडीच्या आत, सीटच्या मागं, चाकाच्या पोकळीत अंग मुडपून तिची उमर गेली. घरी दोघं दखनी आणि मराठी मिसळून बोलत, शेडमध्ये नुसती मराठी, कारण गिऱ्हाईक मराठी आणि ठोकाठोकीत दोन भाषांचा घोळ नको. पत्र्याची आतली बाजू तिला पाठ होती. बाहेरच्या बाजूला कधी हात लावायची वेळच आली नव्हती.

दादासाहेब गेल्यावर युनूस म्हणाला, दुसऱ्या डेंटरला बोलावू. मदिनेनं दोघा-तिघांना विचारूनही पाहिलं. ते यायला तयार होते, पण शेड त्यांना दिली तरच.

त्याच आठवड्यात दीपमाला आली. ही चिंचवडची मुलगी, हिंजवडीला एका कंपनीत इंजिनिअर. कंपनीच्या गाडीतून आली, केळी घेऊन आली, आणि युनूसचा हात मांडीवर पडलेला बघून दारातच रडायला लागली. लकव्याच्या आदल्या साली हीच मुलगी ह्या रस्त्यावर चांगला हात असलेला डेंटर शोधत फिरत होती. तिच्या कंपनीनं एक हातमोजा तयार केला होता. कारागिरानं तो घालून काम केलं की बोटं कुठं किती दाबली, तळवा कुठं फिरला, कुठं थबकला, ते सगळं मशीनमध्ये उतरायचं. मग शिकणाऱ्यानं तो घातला की आतले बारीक फुगे फुगून त्याचा हात तसाच दाबायचे, वळवायचे, थांबवायचे. चाकणच्या एमआयडीसीतल्या ट्रेनिंग सेंटरमध्ये युनूस त्या कामाला काही दिवस गेला होता. घरी येऊन मदिनेला सांगायचा, येडी माणसं हायत, मी पत्रा बघायलाव आणि ती माझा हात बघायलीत.

"चाचा, तुमचा हात आमच्याकडं आहे," दीपमाला डोळे पुसत म्हणाली. "रोज मुलं तो घालून शिकतात."

तिला धीर द्यायचा होता. युनूस हसला आणि म्हणाला, मग घेऊन यायचा की येताना. तिघंही हसली आणि विषय दुसरीकडं गेला. मदिनेच्या डोक्यात मात्र ते वाक्य रुतून बसलं. दीपमाला गाडीत बसायला निघाली तेव्हा ती मागोमाग गेली आणि विचारलं, तो हात मला घालायला मिळेल का. दीपमालानं आधी मान डोलावली आणि मग अडचणी सांगितल्या. सेंटर आयटीआय झालेल्या मुलांसाठी होतं, बायका तिथं नव्हत्याच, शिवाय वरिष्ठांना विचारावं लागणार. मदिना गाडीच्या दाराला धरून उभी राहिली. शेवटी असं ठरलं की दुपारी मुलं कँटीनला गेली की त्या वेळेत यायचं आणि कुणी विचारलं तर दीपमालाचं नाव सांगायचं.

सेंटरची फरशी इतकी स्वच्छ होती की मदिनेनं चपला दाराबाहेरच काढल्या. दीपमाला नको नको म्हणत होती, पण काढल्या त्या काढल्या. हॉलमध्ये लोखंडी घोड्यांवर एकसारखे चेपलेले मडगार्ड बसवले होते, आणि त्यांच्या मागं ठोकळा शिकंज्यात आवळलेला. मोजा काळा, जाड, मनगटातून नळ्या निघालेला. आत हात घातल्यावर गार लागला. दीपमालानं तिचा हात मडगार्डवर ठेवला आणि मशीन चालू केलं.

आधी करंगळीच्या बाजूला हलकासा दाब आला, म्हणजे डावीकडं सरक. ती सरकली. मग तळव्याखाली काहीतरी हळूच भरलं आणि ओसरलं. बोटं एकामागून एक टेकली आणि उचलली गेली. मधलं बोट एका जागी थबकलं, जरा मागं आलं, पुन्हा त्याच जागी गेलं आणि तिथंच रेंगाळलं. तिथं पत्रा उचललेला होता. तिला तो जाणवलासुद्धा. पण तिचं लक्ष पत्र्याकडं नव्हतंच.

हा हात तिला माहीत होता आणि नव्हताही. घरी तो दमून यायचा. ताट पुढं ओढायचा, पांघरूण ओढायचा, पाठीवर पडला तर लाकडासारखा पडायचा आणि झोपून जायचा. तिनं कधी तक्रार केली नव्हती, कष्टाचा हात असाच असतो असं तिला वाटायचं. आणि इथं तोच हात इतका हलका, इतका सावकाश, जणू समोरच्याला कुठं दुखतंय ते विचारत चाललेला. एवढी माया त्याच्या हातात होती आणि ती सगळी पत्र्यावर गेली होती. तिला पत्र्याचा हेवा वाटला, खोटं कशाला सांगायचं.

तेवढ्यात तिच्या दोन बोटांवर टकटक झाली. पटकन, दोनदा. आणि तिचा डावा हात आपोआप मडगार्डच्या आतल्या अंगाला गेला.

दीपमालानं ते पाहिलं आणि विचारलं. मदिना आधी सांगेना, मग हसत हसत सांगितलं. शेडमध्ये ती गाडीच्या आत असायची, त्याला दिसायची नाही. हातोडी कुठं मारायची ते ठरलं की तो तिथं बाहेरून दोन बोटांनी टकटक करायचा, म्हणजे ठोकळा इथं धर. तोंडानं हाक मारायचा नाही, रस्त्याच्या आवाजात हाक ऐकूच जात नाही.

दीपमाला कपाळाला हात लावून बसली. सेंटरमधली सगळी मुलं ठोकायच्या आधी दोनदा टकटक करत होती. शिकवणाऱ्यांनी तर धड्यातच घातलं होतं की आधी टकटक करून पत्र्याचा आवाज ऐकावा. दोघी पुष्कळ हसल्या. हसू ओसरल्यावर मदिनेच्या ध्यानात आलं की युनूसनं इथं मोजा घालून काम केलं तेव्हा आत कुणी नव्हतं. ठोकळा शिकंज्यात होता. तरी प्रत्येक जागी तो तिला बोलावत राहिला होता, आणि ती तेव्हा घरी धुणं धूत असेल.

त्यानंतर ती रोज दुपारी जायला लागली. भाकरी टोपल्यात झाकून, ताट युनूसच्या डाव्या हाताशी सरकवून, गोळ्या पाण्याशेजारी ठेवून ती शेअर रिक्षात बसायची. पितृपक्षाचे दिवस, डोक्यावर ऊन, रस्त्यावर धूळ आणि कंपनीच्या बसगाड्या. हॉलमध्ये गेली की मोजा चढवायची आणि डोळे मिटायची. दीपमालाला वाटायचं चाची मन लावून शिकतायत. शिकतही होतीच. हात कुठं हलका करायचा, कुठं परत न्यायचा ते तिला येऊ लागलं होतं. घरी आल्यावर कपाटाच्या दारावर, पिंपावर, जे सापडेल त्यावर ती तळवा फिरवायची, आणि युनूस खाटेवरून बघत राहायचा.

एकदा त्यानं विचारलं, "कसा हाय माझा हात?"

"हलका हाय," ती म्हणाली.

त्यानं डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाला, मला तर कधी कळलाच नाही, मी सदा त्याच्या आतून होतो. त्याला सेंटरला यायचं होतं.

त्याला रिक्षात चढवणं आणि उतरवणं हेच मोठं काम झालं. रिक्षावाल्यानं काखेत हात घालून ओढलं तेव्हा युनूसची टोपी पडली आणि ती उचलायला त्याला वाकता येईना. सेंटरच्या फरशीवर त्याचा फरफटणारा पाय रेघ काढत गेला. मुलं त्या दिवशी मुद्दाम थांबली होती. ज्यांचा हात आपण रोज घालतो ते चाचा बघायला मिळणार म्हणून त्यांनी रांग केली, एकानं पायाला हात लावला. युनूसचा चेहरा फुलला. दोघींनी मिळून त्याचा उजवा हात मोज्यात बसवला, बोटं एकेक करून सरकवली. दीपमालानं मशीन चालू केलं. पडद्यावर हिरव्या रेघा धावायला लागल्या, फुगे फुगले, मनगट हळूहळू वळलं. युनूस मान वर करून एकेकाच्या तोंडाकडं बघत होता.

"झालं का चालू?" त्यानं विचारलं.

निम्मं होऊन गेलं होतं. दीपमालानं मान खाली घालून मशीन बंद केलं. मोजा उजव्याच हाताचा होता, डाव्यात घालायची सोय नव्हती. युनूसनं हात बाहेर काढून घेतला, मशीन चांगलं आहे म्हणाला आणि मुलांना अभ्यासाचं विचारत बसला. परत येताना त्यानं रिक्षात डोळे मिटून घेतले. मदिनेला रडू येत होतं, पण शेजारी परकी माणसं होती.

पुढच्या खेपेला दीपमाला उत्साहात समोर आली. तुम्ही सांगितलंत म्हणून चूक सापडली, असं म्हणाली. टकटक मशीनमधून काढून टाकली होती. आता हात सलग चालत होता, मुलांचा गोंधळ व्हायचा नाही. मदिना बरं केलं म्हणाली. मोजा चढवला. हात सरकला, थबकला, रेंगाळला, त्या जागी आला, आणि तसाच पुढं निघून गेला. तिची दोन बोटं उगीच वाट बघत राहिली.

त्या दिवशी ती अर्ध्यातच निघाली. रिक्षात बसल्यावर तिला कळलं की शिकायला जाते असं इतके दिवस ती सगळ्यांना सांगत होती आणि स्वतःलाही. ती टकटक परत घाला म्हणून दीपमालाला सांगावं असं दोनदा तोंडावर आलं. पण काय म्हणून सांगायचं? त्या पोरीनं चूक दुरुस्त केली होती, आणि चूक दाखवणारी ही स्वतःच.

घट बसले, आणि मदिनेनं जीप कामाला घेतली. जीपचं मागचं सीट काढून तिनं युनूसला आत बसवलं, कारण ठोकळा धरायला दुसरं कोण होतं? त्याचा पाय आत जाईना, तो तिनं दोन्ही हातांनी उचलून घातला. डाव्या हातात ठोकळा, उजवा कोपर चाकाच्या कमानीवर टेकवलेला, असा तो अवघडून बसला. बाहेरून ती सांगायची, वर धरा, जरा मागं, आणि मग हातोडी मारायची. पत्रा हळूहळू बाहेर आला. लांबून बघणाऱ्याला झालंच असं वाटलं असतं. मग तिनं मोज्यात शिकलेला हात त्यावर फिरवायला सुरुवात केली. तसाच हलका, तसाच सावकाश, डावीकडून उजवीकडं, मध्ये रेंगाळत. जिथं हात थबकला तिथं ठोकलं. दोन दिवस असं झाल्यावर पत्रा पाण्यावर लाटा उठाव्यात तसा दिसायला लागला.

युनूस आतून बाहेर आला. त्यानं डावा हात फिरवून पाहिला, त्या अडाणी हाताला काही उमगेना. उजव्याचा प्रश्नच नव्हता. मग तो टपावर हात टेकून वाकला आणि डावा गाल पत्र्याला लावला. सकाळची वेळ होती, पत्रा अजून तापला नव्हता. गाल तसाच घासत तो बोटभर पुढं सरकला, डोळे मिटून. दाढीची खुंटं पत्र्यावर खरखरत होती. रस्त्यावरून जाणारे दोघे मोटारसायकल हळू करून बघायला लागले.

"हितं उचललंय," तो म्हणाला. "आन हितं बसलंय. तू भलतीकडंच ठोकायलीस."

"तुमच्यावानीच करायले."

"माझ्यावानी करू नको. माझा हात त्या मडगार्डवर फिरला हुता. ही जीप हाय. माझा हात इसर."

मदिनेनं हातोडी खाली टाकली. "इसरू? मग ऱ्हाईल काय?"

"पत्रा ऱ्हातो की," युनूस म्हणाला.

ती नळाकडं गेली, तोंडावर पाणी मारलं आणि तिथंच उभी राहिली. राग कुणाचा आलाय ते तिचं तिलाच कळेना. त्याच्या हातासाठी ती दुपारी उन्हातान्हात गेली होती, परक्या पोरांच्या हॉलमध्ये डोळे मिटून उभी राहिली होती, आणि हा म्हणतो विसर. पण पत्रा वाकडा होता हे खरंच होतं, आणि खंडेनवमी थांबणार नव्हती.

परत आल्यावर तिनं जुन्या ओढणीचा तुकडा पाण्यातून पिळला, हात सुळकन सरकावा म्हणून पत्र्यावर पसरला आणि त्यावरून नुसता हात फिरवला, कुठं न्यायचा ते न ठरवता. बोटांना काही कळेना. चिडून तिनं तळव्याचा मनगटाकडचा भाग दाबला, भाकरी थापताना कड जाड राहिली तर तिथं दाबतो तसा, आणि तिथं कळलं. पत्रा उचललेला होता. युनूसनं दाखवलेली जागा तीच. ती पुढं सरकली. भाकरीसारखंच, थोडं दाबून, थोडं फिरवून. उरलेले दिवस ती अशीच खपली. सकाळी गार पत्र्यावर ती तळवा लावायची आणि तिच्यामागून युनूस गाल. दुपारी पत्रा तापला की दोघंही थांबायची, त्याच्या गालाला एकदा चटका बसला म्हणून. तिच्या मनगटाला सूज आली, खांदा उचलेना, वेणी घालायला गोजाबाई म्हणून शेजारीण यायची आणि ठोकायचं काम बाईमाणसाचं नव्हे हे रोज न चुकता ऐकवून जायची. एका सकाळी युनूसनं गाल लावला आणि सरकत सरकत दुसऱ्या टोकाला गेला, तरी काही बोलला नाही. तो तिथंच गाल टेकून राहिला. मदिनेला वाटलं याला झोप लागली की काय. मग तो उठला आणि म्हणाला, रंगवाल्याला निरोप दे.

खंडेनवमीला सकाळीच दादासाहेब धनेशला घेऊन आले. झेंडूच्या माळा बरोबर होत्या, जीपला इथूनच माळ घालून न्यायची त्यांची इच्छा. आधी त्यांनी तळहात फिरवला, उलटा, सुलटा. धनेश उकिडवा बसला, एक डोळा मिटून रंगावरची चकाकी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली, कुठं मोडते का ते पाहिलं. ती मोडत नव्हती. खिशातून चुंबक काढून त्यानं तोही लावून पाहिला, पुट्टी भरली असती तर तो पडला असता. चुंबक चिकटून राहिला. धनेश उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, धुवायचं सेंटर मागच्या अंगाला टाकू, तिकडं पाण्याची सोय बरी आहे.

दादासाहेबांना त्याच्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. "युनूसभाई, तुजा हात जसाच्या तसा उतरलाय की भाभीत. मी डोळं झाकून सांगतो, ह्यो तुजाच हात."

"व्हय मालक," युनूस म्हणाला. "माझाच."

माळ घालून जीप गेली. जाताना दादासाहेब शेडच्या दारालाही एक माळ बांधून गेले आणि पेढ्यांचा पुडा ठेवून गेले. मदिनेनं स्टूल सावलीत ओढलं, एक पेढा त्याच्या डाव्या हातात दिला आणि स्वतः पायरीवर बसली. रस्ता त्या दिवशी मोकळा होता, कंपन्यांच्या गेटवर तोरणं होती. शेड राहिली होती. इतके दिवस जीव टांगणीला लागला होता तो खाली आला होता, आणि तरी तिला एक विचारायचंच होतं.

"खरंच तुमच्यावानी झालं का?"

युनूसनं पेढ्याचा घास घेतला. हो म्हणणं सोपं होतं, पण पत्र्याच्या बाबतीत तो कधी खोटं बोलला नव्हता. दादासाहेबांशी बोलला ते शेडच्या बाबतीत.

"न्हाई," तो म्हणाला. "पत्रा सरळ झालाय, लई सरळ झालाय. पण हात माझा न्हाई, तुझा हाय. माझा असा दाबत न्हवता."

"मग तुमचा गेलाच म्हणायचा."

"गेला की."

एवढं बोलून तो रस्त्याकडं बघायला लागला. दसऱ्यानंतर गिऱ्हाईक वाढेल, चिमाजीला बोलावून त्याचं दार नीट करून द्यायला पाहिजे, ठोकळा जरा लहान घेतला तर आपल्याला आत बसून धरायला सोपं जाईल, असं तो एकेक सांगत होता. बऱ्याच दिवसांनी तो इतकं बोलत होता. मदिना हूं हूं करत ऐकत होती. त्याचा उजवा हात स्टुलाच्या कडेवरून खाली लोंबत होता. तिनं तो उचलून आपल्या मांडीवर घेतला, त्याची बोटं उघडली आणि त्यांत आपली बोटं घातली. तो रस्त्याकडं बघत ठोकळ्याचंच सांगत राहिला. त्याला कळलं नव्हतं. तिनंही सांगितलं नाही, त्याचं बोलणं संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली.